घरात व्यायामाचं सामान घेताना : जुळे सोलापूरच्या फ्लॅटपासून पेठेतल्या माळवदापर्यंत

घरी व्यायाम सुरू करायचं ठरलं की बहुतेक घरांत खरेदी उलट्या क्रमानं होते. आधी ट्रेडमिल किंवा मल्टिजिम दारात येऊन उभं राहतं. मग ते कुठं ठेवायचं याची चर्चा सुरू होते आणि शेवटी त्यावर वाळत घातलेले कपडे दिसतात. क्रम असा हवा : आधी जागा, मग जमीन, मग वजनं, मग बेंच, आणि रॅक, म्हणजे रॉड टेकवून ठेवायचा उभा सांगाडा, सगळ्यात शेवटी.

पैसे कुठं घालायचे याचा नियम एकच. जे सामान तुटलं तर थेट अंगावर येईल, त्यात हात आखडू नका. बेंच, रॅक, लटकायचा बार आणि वजन अडकवून ठेवणारे नट-कॉलर एवढंच त्यात येतं. जे नुसतं वजन म्हणून उचलायचं, तिथं वाचवा. दहा किलोची जुनी गंजकी प्लेट आणि दहा किलोची चकचकीत प्लेट, दोन्ही दहाच किलो भरतात.

टेप घेऊन खोलीत उभे राहा

दुकानात जाण्याआधी चार मापं कागदावर लिहा : खोलीची लांबी, रुंदी, जमिनीपासून छतापर्यंतची उंची आणि जमिनीपासून पंख्याच्या पात्यापर्यंतची उंची. चौथं माप लोक विसरतात आणि तेच सगळ्यात धोक्याचं आहे.

हिशोब करून बघा. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसानं हात सरळ वर केले की बोटं साधारण सव्वासात फुटांवर पोचतात. त्या हातात रॉड असेल आणि रॉडला बारा इंच व्यासाच्या प्लेट असतील तर आणखी सहा इंच, म्हणजे पावणेआठ फूट. साडेनऊ फुटांच्या स्लॅबला लटकणारा पंखा बऱ्याच घरांत सव्वाआठ फुटांच्या आसपास फिरत असतो. मधे राहिले जेमतेम सहा इंच, आणि दमलेल्या हातातला रॉड कधीच सरळ रेषेत वर जात नाही. डोक्यावर वजन उचलण्याची जागा पंख्याच्या पात्यांच्या टप्प्याबाहेर ठरवा. दुसरी जागाच नसेल तर छताचा पंखा काढून भिंतीवरचा पंखा बसवा. मुद्गल फिरवणार असाल तर पंखा काढावाच लागेल. मुद्गल डोक्यामागून वर्तुळात जातो, त्याला चारही बाजूंनी मोकळा हात लागतो.

आता रुंदी. ऑलिम्पिक रॉड २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट लांब असतो. दोन्ही टोकांना प्लेट सरकवायला किमान दीड-दोन फूट मोकळी जागा हवी. म्हणजे साडेदहा-अकरा फूट झाले. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत तो आडवा मावत नाही. अशा खोलीसाठी पाच फुटी साधा रॉड घ्या, नवशिक्याला त्यात काहीही कमी पडत नाही.

गच्चीवर पत्र्याची शेड आहे म्हणून तिथंच सगळं थाटायचा मोह होतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. उन्हात राहिलेला रॉड दुपारी हातात धरवत नाही, रेक्झिनला चिरा जातात, पीव्हीसीच्या प्लेट शिवणीवर उकलतात, व्यायामात ताणायचे रबर बँड चिकट होऊन तुटतात. गच्चीच वापरायची असेल तर लोखंड तिथं ठेवा. रबर आणि रेक्झिन खाली घरात. व्यायामही सूर्य वर यायच्या आत उरका.

स्लॅब, फरशी आणि माळवद

"स्लॅबला भार पेलेल का?" ही शंका रास्त आहे. राहत्या घरांच्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरून रचना करतात. दहा बाय दहाच्या खोलीला पसरून भागला तर हा आकडा अठराशे किलोंवर जातो. तुमचं वजन, शंभर किलो प्लेट, बेंच आणि रॅक सगळं धरून तीनशे किलोही होत नाहीत. तेव्हा नीट बांधलेल्या आरसीसी स्लॅबला ठेवलेल्या वजनाची भीती नाही. भीती आपटण्याची आहे. कमरेपासून सोडलेलं पन्नास किलो वजन फरशी फोडतं, खालच्या घरातला माणूस पहाटे दचकून उठतो आणि चौथ्या दिवशी सोसायटीत तक्रार जाते. घरातल्या व्यायामाचा पहिला शिस्तीचा भाग हाच : वजन जसं उचललं तसंच सावकाश खाली ठेवायचं.

पेठेतल्या जुन्या घरांचं गणित वेगळं. लाकडी तुळयांवर मातीचं माळवद असेल तर त्याच्यावर, किंवा वरच्या मजल्याच्या लाकडी तक्तपोशीवर, रॉड-प्लेटचा व्यायाम करू नका. जोर-बैठका आणि बँड वर चालतील. लोखंड तळमजल्यावर, शहाबादी फरशीवर न्या.

फरशीवर काय अंथरायचं, इथं तीन पर्याय आहेत. जोडून बसणारे फोमचे रंगीत तुकडे योगासनांना चांगले, वजनासाठी नकोत. फोम दबतो, पाऊल आतल्या बाजूला कलतं आणि बैठक मारताना गुडघा डुलतो. दुसरा पर्याय जिमच्या रबर टाइल : डंबेलसाठी १० ते १५ मिमी जाडी पुरते, जमिनीवरून रॉड उचलणार असाल तर २० ते २५ मिमी हवी. तिसरा पर्याय आपल्या जिल्ह्यात सहज मिळतो आणि आमच्या मते नवशिक्यासाठी तोच उत्तम : जनावरांच्या गोठ्यात घालतात ती जाड रबरी मॅट. गाई-म्हशींच्या खुरांखाली टिकावी म्हणून बनवलेली असल्यानं ती डंबेलला दाद देत नाही. दुग्धव्यवसायाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात विचारा. साधारण चार बाय साडेसहा फुटांची एक मॅट बेंच किंवा रॉडच्या एका जागेला पुरते. नव्या मॅटला रबराचा उग्र वास असतो. साबणाच्या पाण्यानं घासून आठवडाभर सावलीत, वारा लागेल अशी उभी करून ठेवा, मगच खोलीत आणा.

रॉड जमिनीवरून उचलायचा असेल तर मॅटखाली १८ मिमी प्लायचा तुकडा टाका. आपटण्याचा जोर एका फरशीवर न येता पाच-सहा फरश्यांवर विभागला जातो.

वजनं : आधी भोक, मग किलो

प्लेटचे दोन वंश आहेत आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. ऑलिम्पिक प्लेटचं भोक ५० मिमीच्या किंचित वर असतं. साध्या प्लेटचं भोक २५ ते ३० मिमीच्या दरम्यान, आणि इथंच दुकानागणिक फरक पडतो. एका ठिकाणी रॉड, दुसऱ्या ठिकाणी प्लेट असं घेतलं की एक तर प्लेट जातच नाही, नाहीतर रॉडवर डुगडुगते. पहिल्या खरेदीतली एक प्लेट पुढच्या प्रत्येक खरेदीला पिशवीत घालून न्या.

साहित्य कोणतं? बिडाच्या प्लेट सगळ्यात टिकाऊ आणि आटोपशीर. रबर चढवलेल्या प्लेट आवाज कमी करतात, फ्लॅटसाठी त्या बऱ्या. पीव्हीसीच्या प्लेट स्वस्त असतात, कारण आत सिमेंट, वाळू किंवा तसलाच भराव असतो. त्या जाड असल्यानं रॉडवर जागा खातात, आणि दोनदा आपटल्या की शिवणीतून पूड गळू लागते. सुरुवातीला त्या घेतल्या तर गुन्हा नाही, पण त्या आपटायच्या नाहीत, हळूच खाली ठेवायच्या.

नवशिक्यासाठी हा संच पुरतो : १.२५ किलोच्या चार, २.५ किलोच्या चार, ५ किलोच्या चार आणि १० किलोच्या दोन. एकूण ५५ किलो. सोबत दोन डंबेल रॉड आणि पाच फुटी सरळ रॉड. यातून प्रत्येकी साडेसतरा किलो प्लेट चढवलेले दोन डंबेल होतात, किंवा रॉडचं वजन सोडून ५५ किलोपर्यंतचा बारबेल. तयार संचात अनेकदा सव्वा किलोच्या प्लेट नसतात. त्या मागून घ्या. त्यांच्याशिवाय रॉडवरची लहानात लहान वाढ पाच किलोंची होते, आणि खांद्याच्या व्यायामात ती झेपत नाही. मग माणूस पाठ मागं झुकवून वजन वर ढकलतो आणि कंबर धरते.

डंबेलच्या बाबतीत सव्वा किलोसुद्धा मोठी पायरी ठरते. सात किलोचा डंबेल दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो चढवला की थेट साडेनऊ होतो, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ. यावर उपाय अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा कोणत्याही लेथवाल्याकडे होतो. १० मिमी जाड पोलादी पत्र्यातून ९५ मिमी व्यासाच्या चकत्या कापून मधे ३० मिमीचं भोक पाडून घ्या. अशी एक चकती बरोबर अर्धा किलो भरते. चार चकत्या करून घेतल्या की डंबेल एका वेळी एक किलोनं वाढवता येतो. कडा कानशीनं घासून घ्यायला सांगा, नाहीतर तळहात कापतो.

घरी आल्यावर एक काम न टाळता करा : प्रत्येक प्लेट आणि प्रत्येक रॉड काट्यावर ठेवा. ओळखीच्या किराणा किंवा भुसार दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी उत्तम. पाच लिहिलेली प्लेट ४.७ भरते, दुसरी ५.२ भरते, असं सर्रास आढळतं. पांढऱ्या ऑइल पेंटनं किंवा मार्करनं प्रत्येकीवर खरं वजन लिहा आणि जवळच्या वजनाच्या जोड्या लावा. रॉडच्या एका टोकाला अर्धा किलो जास्त असेल तर डोळ्यांना कळत नाही, पण आठवड्याला तीन दिवस, महिनोन् महिने, एकच खांदा जास्त काम करत राहतो. रॉडचं वजनही अंदाजानं धरू नका. त्यावरही आकडा लिहून ठेवा.

रॉड सरळ आहे का हे पाहायला स्वयंपाकघराचा कडप्प्याचा ओटा किंवा दुकानातली सपाट फरशी पुरते. रिकामा रॉड हळूच लोटा. सरळ रॉड एकसारखा घरंगळतो. वाकलेला रॉड मधेच उड्या घेतो आणि पोट खाली करून थांबतो. जुना रॉड ही परीक्षा दिल्याशिवाय घेऊ नका. हाताच्या पकडीजवळची खरबरीत नक्षी पूर्ण झिजलेली असेल तरी नको. घामट हातातून तो निसटतो.

डंबेल रॉडच्या टोकाला स्टार नट असतात. डंबेल हातात फिरतो तसा नट उलटा फिरून ढिला होतो. आटे झिजले किंवा आतली रबरी चकती पडली की लवकर. बाकडावर उताणं पडून छातीचा व्यायाम करताना पाच किलोची प्लेट तोंडावर पडण्याचं कारण हेच. प्रत्येक सेटच्या, म्हणजे न थांबता केलेल्या एका फेरीच्या, आधी दोन्ही नट हातानं आवळा. रबरी चकती हरवली तर सायकलच्या ट्यूबमधून कापून घाला. आटे दिसण्याइतके घासले गेले तर नट बदला.

जमिनीवरून रॉड उचलताना होणारी चूक

नव्या माणसाची कंबर बहुतेक वेळा इथं दुखावते. ऑलिम्पिकच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिमी असतो, त्यामुळे रॉडचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंमी उंच राहतो. उचलण्याची रीत या उंचीसाठीच शिकवली जाते. आपल्या साध्या दहा किलोच्या प्लेट साधारण ३० सेंमी व्यासाच्या, म्हणजे रॉड पंधराच सेंमीवर. साडेसात सेंमी जास्त खाली वाकावं लागतं, मांडीची मागची शीर तेवढी सैल नसते आणि पाठीचा कमानीसारखा बाक होतो.

उपाय सोपा आहे. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली साडेसात सेंमीची थप्पी ठेवा : १८ मिमी प्लायचे चार-चार तुकडे खिळ्यांनी जोडून, वर मॅटचा पातळ तुकडा. विटा ठेवू नका. वीट फुटते आणि रॉड एका बाजूला कलंडतो.

बेंच

बेंचच्या पाट्या वाचण्यात वेळ घालवू नका. त्यावर आडवे व्हा आणि कुशीवर हला. करकरला किंवा डुलला तर पुढच्या दुकानात चला. नंतर ही मापं तपासा.

उंची ४२ ते ४५ सेंमी. उताणं पडल्यावर दोन्ही पावलं सपाट टेकली पाहिजेत. बुटक्या माणसानं किंवा घरातल्या बाईनं वापरायचा असेल तर पावलांखाली प्लेट ठेवून चालतं. रुंदी २८ ते ३२ सेंमी. पंचवीसच्या आत असेल तर खांद्याची पाती हवेत राहतात, फार रुंद असेल तर कोपर खाली येत नाही. पाइप चौकोनी, किमान ५० बाय ५० मिमी आणि २ मिमी जाडीचा. गादीखालचं प्लाय उलटं करून बघा. १८ मिमी प्लाय हवं. दाबलेल्या भुशाचं बोर्ड असेल तर घामानं फुगून स्क्रू सुटतात.

वर-खाली होणाऱ्या बेंचमध्ये पाठीची गादी आणि बसायची गादी यांच्यामधली फट पाहा. सपाट केल्यावर तीन बोटांहून जास्त फट असेल तर कंबरेखाली पोकळी येते. आणि बेंचवर लिहिलेल्या क्षमतेत माणूस व वजन दोन्ही धरायचे असतात. सत्तर किलोचा माणूस आणि साठ किलोचा रॉड म्हणजे एकशेतीस. दोनशेच्या खालचा बेंच घेऊ नका.

रेक्झिनवर घाम साचला की ते कडक होऊन फाटतं. आपल्या सोलापूरचा जाड टर्किश टॉवेल बेंचवर अंथरा. तो सरकत नाही, घाम पितो आणि धुतल्यावर पुन्हा तयार असतो.

एक स्पष्ट सूचना : घरी एकट्यानं, हातातून सुटलेला रॉड अडवणारे आधाराचे दांडे नसताना, बेंचवर बारबेल छातीवर घेऊ नका. डंबेल घ्या, दमलात तर बाजूला सोडता येतात. नाहीतर बेंच सोडून जमिनीवर उताणे पडा. कोपर फरशीला टेकलं की वजन तिथंच थांबतं, छातीपर्यंत येतच नाही.

रॅक : वेल्डरकडून करून घेताना

तयार रॅक चांगले मिळतात, पण सोलापुरात फॅब्रिकेशनची कामं ठायी ठायी चालतात आणि नीट सांगून केलेला स्टँड वर्षानुवर्षं टिकतो. नीट सांगणं हेच महत्त्वाचं.

आधी रॉड घरी आणा, मगच वेल्डरकडे जा. पाच फुटी रॉडच्या दोन आतल्या कॉलरमध्ये, म्हणजे प्लेट आतून जिथं अडतात त्या कड्यांमध्ये, साधारण १०५ सेंमी अंतर असतं. दोन खांबांचं बाहेरून बाहेर अंतर ९५ सेंमी ठेवलं तर दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंमी मोकळे राहतात. इंटरनेटवरची चित्रं दाखवून ऑलिम्पिक रॉडच्या मापाचा, १२० सेंमी रुंद रॅक करून घेतला तर पाच फुटी रॉड त्यावर बसणारच नाही. प्लेट खांबांवर घासतील किंवा टोकं हुकात अडकतील. तुमच्या रॉडवरचं अंतर टेपनं मोजून त्यातून दहा सेंमी वजा करा.

पाइपची खरी जाडी ओळखायची तर तो तोलायला लावा. ५० बाय ५० मिमी, २ मिमी जाडीचा पाइप मीटरला तीन किलो भरतो. वीस फुटी, म्हणजे सहा मीटरची एक लेंथ अठरा किलो. काट्यावर साडेचौदा किलो आली तर तो १.६ मिमीचा पाइप आहे, दुकानदारानं काहीही सांगितलं तरी.

साध्या स्टँडला दोन लेंथ पुरतात : सहा फुटांचे दोन खांब, चार-चार फुटांचे दोन पाय, खांब जोडणारे दोन आडवे, दोन-दोन फुटांचे आधाराचे दोन दांडे आणि कोपऱ्यांत तिरके टेकू. खांबांना दोन-दोन इंचांवर १८ मिमीची भोकं, त्यात १६ मिमीची पिन. हुक ८ मिमी पट्टीचे, पुढचा ओठ किमान चार सेंमी उंच. ओठ आखूड ठेवला तर रॉड परत ठेवताना तो ओलांडून पुढं पडतो. हुकांच्या आत टायरच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. वेल्डिंग चारही बाजूंनी सलग हवं, ठिपक्या-ठिपक्यांचं नको. रंगाआधीच पाहून घ्या, रंग चढल्यावर दोष झाकले जातात. मग रेड ऑक्साइड, त्यावर ऑइल पेंट.

आधाराचे दांडे बैठकीच्या अगदी तळाला रॉड जिथं येतो त्याच्या दोन-तीन सेंमी खाली लावा. त्यांची उंची रिकाम्या रॉडनं पाहून ठरवा, अंदाजानं नको. असा स्टँड जेमतेम पस्तीस किलोंचा असतो. त्याला लटकू नका, उलटेल.

लटकायचा बार

दारात अडकवायचा सरकता बार लाकडी चौकटीवर घासत खाली येतो. तो फक्त हलक्या माणसानं, पाय टेकलेले ठेवून वापरायचा. भिंतीतला बार हवा असेल तर आधी भिंत ओळखा. आरसीसी कॉलम किंवा बीममध्ये १० मिमी व्यासाचे, १०० मिमी लांबीचे अँकर फास्टनर उत्तम बसतात. पक्क्या विटांच्या भिंतीतही बसतात, पण गिलावा सोडून विटेत किमान अडीच इंच गेले पाहिजेत, आणि विटांमधल्या चुन्या-सिमेंटच्या सांध्यात भोक पाडू नये. नव्या इमारतींतल्या हलक्या राखाडी एएसी ब्लॉकमध्ये साधे फास्टनर धरत नाहीत, ब्लॉक चुरतो. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत तर प्रयत्नच करू नका.

अंगण असेल तर खांब रोवा. दोन इंची बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीच्या, जीआय पाइपची एक वीस फुटी लेंथ मधोमध कापली की दहा-दहा फुटांचे दोन खांब होतात : अडीच फूट जमिनीत, साडेसात फूट वर. आडवा बार एक इंची जीआय पाइपचा, चार फूट. त्याचा बाहेरचा व्यास ३३ मिमीच्या आसपास भरतो, मुठीला बरोबर. पाऊण इंची पाइप वाकतो.

खड्ड्याबद्दल नीट ऐका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फक्त काळ्या मातीत रोवलेला खांब वर्षभरात कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा. एक बाय एक फूट, अडीच फूट खोल अशा दोन खड्ड्यांना १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाच्या काँक्रीटसाठी सिमेंटची एक गोणी पुरते. खांब ओळंब्यात धरा, वरची तोंडं झाकणानं बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचून पाइप आतून कुजतो. सात दिवस ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा पाण्याच्या पाळीच्या दिवशी काँक्रीट करा आणि एक पिंप त्यासाठी भरून ठेवा. आठवडा उलटल्याशिवाय कुणालाही लटकू देऊ नका, विशेषतः पोरांना.

वाळूची पिशवी

कमी पैशांत भरपूर काम देणारं हे साधन आहे. धुऊन उन्हात वाळवलेली वाळू पाच-पाच किलोंच्या प्लास्टिक पिशव्यांत भरा, प्रत्येकीवर दुसरी पिशवी चढवा आणि चिकटपट्टीनं गच्च बांधा. पाच किलो वाळू साधारण तीन लिटर जागा घेते. पिशवी गच्च भरू नका, थोडी सैल राहू द्या, म्हणजे अंगाला बसते. बाहेरची थैली जाड कॅनव्हासची किंवा ताडपत्रीची, दुहेरी शिवण घालून शिवून घ्या, धरायला दोन रुंद पट्टे लावा. वजन वाढवायचं झालं की आत आणखी एक पुडी. खांद्यावर घेऊन चालणं, छातीशी धरून बैठका, जमिनीवरून कवळ्यात उचलणं, सगळं होतं. ओली वाळू भरू नका. कुबट वास येतो आणि पिशवी सडते.

यंत्रांबद्दल थोडक्यात

ट्रेडमिल पहिल्या वर्षी घेऊ नका. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं किंवा पार्क मैदानाजवळ सकाळी चालता येतं, ते फुकट आहे. पावसामुळे, गुडघ्यामुळे किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घ्यायचाच असेल तर मोटारची सलग शक्ती विचारा. जाहिरातीतला मोठा आकडा क्षणिक शक्तीचा असतो. अर्थिंग असलेला १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट द्या, एक्स्टेंशन बोर्ड लावू नका. आपल्याकडे धूळ भरपूर. पट्ट्याखाली धूळ गेली की घर्षण वाढतं, मोटार तापते. दर आठवड्याला कडा पुसा आणि कंपनीनं सांगितलेल्या अंतरानं सिलिकॉन तेल घाला, खोबरेल किंवा मशीनचं तेल नाही.

मल्टिजिमच्या वायर आणि प्लास्टिकच्या पुली झिजतात आणि सुटे भाग मिळायला वेळ लागतो. शिवाय पेठेतल्या अडीच फुटी जिन्यातून ते वर चढवणं हे एक वेगळंच काम आहे. पोट कमी करणारे पट्टे आणि थरथरणारी यंत्रं घेऊ नका, त्यांनी पोट कमी होत नाही.

कोणत्या क्रमानं घ्यायचं

पहिले दोन महिने मॅट, दोन रबर बँड आणि जोर-बैठका एवढ्यावर काढा. आठवड्याला तीन दिवस चुकले नाहीत तर डंबेल रॉड आणि प्लेट घ्या. त्यानंतर बेंच. डंबेलची वजनं बैठकांना अपुरी वाटू लागली की पाच फुटी रॉड, आणि रॉड खांद्यावर घ्यायला जड जाऊ लागला की रॅक. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असेल तर रॉडपर्यंत जाण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि श्वास कोंडून वजन उचलू नका.

निगा

कूलर लावून व्यायाम करत असाल तर त्याच्या ओल्या वाऱ्यानं आणि घामानं रॉड गंजतो. व्यायाम झाला की कोरड्या फडक्यानं पुसा. महिन्यातून एकदा नायलॉनच्या ब्रशनं नक्षीतला मळ काढा आणि मशीन तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन फिरवा. पकडीच्या जागी तेल राहू देऊ नका. बेंच आणि रॅकचे बोल्ट महिन्याला एकदा आवळा. १० मिमीच्या बोल्टला १७ चा पाना लागतो, १२ मिमीला १९ चा. रबर बँड दर आठवड्याला उजेडात ताणून बघा. बारीक चीर दिसली की कापून टाका. तुटलेला बँड डोळ्यावर येतो. बँडवर खरेदीची तारीख लिहा, टाल्कम पावडर लावा आणि ते कपाटात ठेवा.

घरात लहान मुलं असतील तर प्लेट भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका. रांगणारं मूल आधारासाठी नेमकं तिलाच धरतं. प्लेट आडव्या, मोठ्या खाली आणि लहान वर अशा ठेवा, डंबेलचे नट काढून वेगळ्या डब्यात, आणि रॅकवर रॉड कधीही चढवलेला सोडू नका.